बंदुकीचा चाप आणि मामीचं बोट

“वढू नकू. माग.”

छर्र्याची बंदूक हातात दिली की मामी आधी डोळे मिटायची. शेजारच्या घरातलं भांडण ऐकताना आपण करतो तशी मान जरा डावीकडं कलती करायची आणि उजव्या हाताचं पहिलं बोट चापावर नुसतं टेकवायची. दाबायची नाही. टेकवायची. मग समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणायची, “चाप वढायचा नसतो बाबा, मागायचा असतो. शेळीला दूध मागतो का न्हाई, तसा. वढलं की शेळी लाथ मारती. ही बी मारती.”

तुम्ही म्हणाल, शेळ्या राखणाऱ्या बाईला बंदुकीतलं काय कळतं? मीही तेच म्हणालो होतो, आणि तेही मोठ्यानं. त्यानंतर चार दिवस माझ्याच दुकानात आलेलं गिऱ्हाईक माझ्याकडं पाठ करून तिच्याशी बोलत होतं.

दुकान माझं चौसाळ्याला, हायवेला लागून. धंदा पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. फुशारकी मारत नाही, पण बीड जिल्ह्यात मला बघून घाबरून चालू झाली नाही अशी मोटार नाही. एकदा तर मी रस्त्यानं नुसता खोकलो आणि तिघांच्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या. वीज नव्हती, ही गोष्ट वेगळी.

मामीचं खरं नाव मला कधी कळलं नाही. सगळं गाव तिला मामी म्हणायचं, नवरा ‘अगं’ म्हणायचा, आणि तिच्या अठरा शेळ्या तिला जे म्हणायच्या ते लिहायला मराठीत अक्षर नाही. ती धनगराची लेक. लग्न झालं फुगेवाल्याशी. जत्रांचे दिवस आले की नवराबायको फुग्यांची फळी आणि तीन बंदुका टेम्पोत घालून गावोगाव फिरायचे. जत्रा संपल्या की माझ्या दुकानामागच्या मोकळ्या जागेत मुक्काम. शेळ्या, पत्र्याचं खोपट आणि मामा.

मामा म्हणजे तिचा नवरा. जन्मभर त्या माणसानं एकच काम केलं, फुगे फुगवले. गाल असे सुटलेले की झोपलेल्या मामांच्या तोंडाला एखाद्यानं चुकून दोरा बांधला असता. बंदुकीला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही. म्हणायचे, “मी फुगवतो, ही फोडायला लावती. असा आमचा संसार हाय.”

आता माझ्या दुकानात बंदुका कशा आल्या ते ऐका. एका व्यापाऱ्यानं मोटारीच्या सुट्या भागांबरोबर सहा छर्र्याच्या बंदुका माझ्या गळ्यात मारल्या. शेतातली वानरं आवाजानं पळतील, असं तो म्हणाला होता. मी एका शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन एक उडवून दाखवली. वानरं पळाली नाहीत. उलट दोन वानरं जवळ येऊन बसली आणि पुन्हा उडवा म्हणून हात हलवू लागली. तेव्हापासून पाच बंदुका पाइपांच्या भेंडोळ्यांशेजारी लटकत होत्या. सहावीचं लाकूड दस्त्याजवळ तडकलेलं होतं, म्हणून तिचा मी दुकानाच्या ताडपत्रीला टेकू दिला होता.

जत्रेला आठ दिवस राहिले होते. मामीच्या तिन्ही जुन्या बंदुका थकल्या होत्या. स्प्रिंगा इतक्या ढिल्या की छर्रा नळीच्या तोंडाशी येऊन पुढचा रस्ता विचारायचा. तिला एक नवी बंदूक हवी होती, म्हणून ती सकाळी माझ्या दुकानात आली. मागोमाग मामा आले, सवयीनं तोंडात फुगा धरून. आणि त्याच वेळी दारात एक तरुण गडी येऊन उभा राहिला. गेवराईकडचा, तोही फुगेवालाच. अंगात चकचकीत शर्ट, डोळ्यांवर गॉगल. त्यालाही बंदूकच घ्यायची होती.

ज्यांनी ही बंदूक जत्रेत फुगे फोडण्यापुरतीच हातात धरलीय, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. नळी मधोमध मोडायची, म्हणजे आतली जाड स्प्रिंग दाबली जाऊन अडकते. छर्रा घालायचा, नळी सरळ करायची. चाप सुटला की स्प्रिंग पिस्टनला ढकलते, पिस्टन हवेला आणि हवा छर्र्याला. पण छर्रा बाहेर पडायच्या आत ही बया एकदा मागं दचकते आणि एकदा पुढं. छर्रा अजून घरातच असतो आणि घर दोनदा हललेलं असतं! त्यात चाप आडमुठा निघाला तर धरणाऱ्याचा हातही हलतो. मामी म्हणायची, “दोन हिसके तिचे, तिसरा तुमचा. तिचे न्हाई वाचवता येत. आपला तरी वाचवावा.”

तर मामीनं परीक्षा मांडली. ओल्या मातीनं भरलेला तेलाचा डबा भिंतीशी ठेवला. बंदुकीत छर्रा घातला आणि नळीच्या टोकावर ज्वारीचा एक दाणा ठेवला.

“दाना कावून ठेवला, मावशी?” गेवराईवाल्यानं विचारलं.

“चाप दाबता दाबता दाना पडला तर चाप वाईट. आवाजासंगं उडाला तर चाप चांगला. दाना खोटं बोलत न्हाई. दुकानदार बोलतो.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पहिल्या बंदुकीच्या चापाला बोट लावून ती म्हणाली, “ह्याला बैलजोडी जुपा.” दुसरीचा चाप नुसत्या स्पर्शानंच सुटला. मामी दचकली आणि मग खरोखर रागावली. “ही तर शिंकलं तरी उडंल. जत्रंत लेकरं असतेत. मिस्त्री, हिला परत धाड, कुनालाच इकू नकू.” मी ती तिथल्या तिथं उतरवून आत टाकली. तिसरीचा चाप कचकच करत मागं आला, तेव्हा ती गेवराईवाल्याकडं बघून म्हणाली, “ह्याच्यात वाळू हाय रं. तुमच्या नदीतलीच दिसती.” चौथीची तिनं फक्त नळी हलवून पाहिली. नळी पडायला आलेल्या दातासारखी हलली. “हिचा चाप बघायचं कामच न्हाई. पाया हालतोय, तिथं कळस काय बघायचा?”

पाचवी होती माझ्या दुकानाची शान. लांब नळी, काळा चकचकीत दस्ता, वर दुर्बीण. गेवराईवाल्याचा जीव तिच्यात आधीच अडकला होता.

“मावशी, दुर्बिनीतून बघा की. पन्नास पावलांवरची मुंगी दिसती!”

“दिसंल की. मुंगीला बी तू दिसशील, वढताना दात खाताना.”

“पावर लई हाय म्हनतेत हिची.”

“फुगा फोडायचाय का म्हैस पाडायचीय तुला?”

तिनं दाणा ठेवला. चाप दाबू लागली. चाप मागं आला, आणखी मागं आला, मागं येतच राहिला. दाणा पडला. कितीतरी वेळानं आवाज आला. तिनं तीनदा केलं, तीनदा दाणा आधी पडला. “ह्यो जावई हाय,” मामी म्हणाली, “येतो येतो म्हनतो, आन ताटं वाढून वाळली तरी यीत न्हाई. चापाला कसं पायजे? आधी जरा मोकळा. मग एक भिंत लागली पायजे. तिथं थांबता आलं पायजे. आन मग हरभऱ्याच्या वाळल्या घाट्यागत तटकन तुटला पायजे. ह्याला भिंतच न्हाई.”

गेवराईवाला हसला आणि त्यानं तीच बंदूक घेतली. मीही विकली. खोटं कशाला बोलू, आनंदानं विकली. दारातून बाहेर पडताना तो वळला आणि म्हणाला, “मावशी, राग नका मानू. यंदा हळकुंडाला मी बी उभा ऱ्हानार हाय.”

मामांच्या तोंडातला फुगा सुटला आणि भुर्र करत दुकानभर फिरून माझ्या बनियनमध्ये शिरला. कुणीच हसलं नाही.

कारण असं. आमच्या शेजारच्या गावच्या जत्रेत देवळाच्या वाटेवर एक मोठी चिंच आहे. येणारं-जाणारं प्रत्येक माणूस तिच्याखालूनच जातं, आणि सावली तर अशी की भर दुपारी तिथं गोधडी लागते. फुग्यांच्या दुकानासाठी तीच जागा. ती जागा पंचांनी द्यायची नाही, बोलीनं घ्यायची नाही, अशी रीत. पहिल्या दिवशी दुपारच्या आरतीनंतर गुरव चिंचेच्या फांदीला दोऱ्यानं हळकुंड बांधतो. वीस पावलांवरून, ज्यानं त्यानं आपापल्या बंदुकीनं, तीन छर्रे मारायचे. दोरा तुटून हळकुंड खाली पडलं पाहिजे. ज्याच्या छर्र्यानं पडलं, त्याची चिंच. बाकीच्यांनी मागं जायचं, मौत का कुआँच्या शेजारी, जिथं मोटारसायकलींची धूळ दिवसभर खाली बसत नाही.

एकोणीस वर्षं चिंच मामीची होती. तिच्या विरुद्ध उभं राहायला कुणी धजत नसे.

गेवराईवाला गेल्यावर मामी दुकानाच्या पायरीवर बसली. मामा शेळ्यांकडं गेले होते. त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “मिस्त्री, ह्यांच्या छातीत दम ऱ्हायला न्हाई. डागदरनं सांगितलंय, धुळीत बसू देऊ नका. चिंच गेली तर मागं बसावं लागंल. दोन दिसात पडतेल. आन ह्यांनी फुगवला न्हाई तर मी फोडायला कुनाला देऊ? चिंच गेली म्हंजे दुकान मिटलं.”

मी ताडपत्रीकडं बघितलं. तिनंही बघितलं. उठली आणि टेकूची सहावी बंदूक काढली. अर्धी ताडपत्री माझ्या डोक्यावर पडली. आतून मला फक्त आवाज ऐकू आला. टक्. मी तोंड बाहेर काढलं तर मामीचे डोळे मिटलेले, ओठांवर हसू आणि ज्वारीचा दाणा आवाजासरशी उडून परत आलेल्या मामांच्या खिशात.

“ही बग,” ती म्हणाली, “राणीला तू खांब केलतास.”

मी पैसे घेणार नाही म्हणालो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात एक शेळी बांधलेली होती.

तडकलेलं लाकूड बांधून द्यायला तिनं बंदूक माझ्याकडं ठेवली. मोटारीच्या वाइंडिंगची तांब्याची तार गुंडाळून मी ते असं आवळलं की पुन्हा तडकायचं म्हटलं असतं तरी त्याला परवानगी काढावी लागली असती. आणि इथंच थांबलो असतो तर मी शहाणा ठरलो असतो.

पण माझ्या हाताखालून बिनतेलाचं यंत्र आजवर बाहेर पडलेलं नाही. मोटार असो, शिवणाचं मशीन असो, एकदा तर पाळण्याच्या कड्या दुरुस्त करताना मी पाळण्यातल्या बाळालाही दोन थेंब चोळून दिले होते. मनात म्हटलं, मामीचं इतकं मोठं काम, आपलाही हातभार लागावा. नळी मोडली आणि मागच्या भोकातून पिस्टनच्या घरात दोन टोपणं तेल ओतलं. वर म्हटलं, जा बाई, आता लोण्यासारखी चाल.

जत्रेचा दिवस उजाडला. आरती झाली. चिंचेखाली एवढी माणसं जमली की चिंचेलाच जागा उरली नाही. गेवराईवाला रंगीत दिवे, भोंगा आणि हवा भरायचं विजेचं मशीन घेऊन आला होता. ते मशीन डोळ्याची पापणी लवते तोवर तीन फुगे भरायचं. मामा त्याच्याकडं, दुसऱ्याच्या ताटातल्या पुरणपोळीकडं बघावं तसे बघत होते. बघत नाही असं दाखवत होते.

गेवराईवाल्यानं पहिला मान घेतला. दुर्बिणीला डोळा लावला, श्वास रोखला, ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय. गर्दीतनं कुणीतरी ओरडलं, “पोचला का बे, का मुक्कामाला थांबला?” पहिला छर्रा पानात गेला. दुसरा दोऱ्याशेजारून. तिसऱ्याला मी स्वतः पाहिलं, चाप लांबला तशी नळी खाली खाली आली आणि छर्रा थेट हळकुंडाला लागला. हळकुंडाचा टवका उडाला, पण ते तिथंच झुलत राहिलं.

“दोरा पायजे,” गुरव म्हणाला. “हळदीला लागून भागत न्हाई.”

मग मामी. लुगड्याचा पदर खोचला. बंदूक डाव्या तळहातावर, तान्हं लेकरू धरावं तशी मोकळी ठेवली. ही बंदूक आवळून धरली की रुसते, हे तिला ठाऊक होतं. डोळे मिटले, उघडले. बोट टेकवलं. चाप हरभऱ्याच्या घाट्यासारखा तुटला—

आणि धडाम्!

तुम्हाला खोटं वाटेल, पण देवळावरची कबुतरं पार गेवराईपर्यंत उडाली. नळीतून निळा धूर आला आणि सगळ्या जत्रेत भजी तळल्याचा वास सुटला. दहाबारा माणसं वासाच्या दिशेनं निघालीसुद्धा. छर्रा कुठं गेला ते देवाला माहीत. हळकुंड जागच्या जागी.

मामीनं नळी नाकाशी नेली. मग गर्दीतून फक्त माझ्याकडं बघितलं.

“मिस्त्री. तेल पाजलंस?”

“दोन... टोपणं.”

“कावून?”

“चांगली चालावी म्हणून, मामी.”

“आरं, ही मोटार हाय व्हय? हिच्या पोटात तेल गेलं की ते हवेच्या दाबानं पेटतं. आन पेटलं की छर्रा कुनाचं ऐकतो?”

चिंचेची सगळी पानं माझ्यावर हसत होती. मी गुरवापुढं हात जोडले, म्हटलं चूक माझी, एक छर्रा वाढवून द्या. गुरवानं मान हलवली. रीत म्हणजे रीत. तीन म्हणजे तीन. आणि बंदूक आपली ती आपलीच.

मामीनं नळी मोडली, पदराचं टोक काडीनं आत घालून जितकं पुसता आलं तितकं पुसलं. दुसरा छर्रा घातला. आणि मग तिनं जे केलं ते बघून गर्दीचा श्वास अडकला. तिनं सगळ्यांना मागं सारलं, नळी चिंचेच्या बुंध्याशेजारच्या मातीच्या ढिगाकडं वळवली आणि दुसरा छर्रा मातीत मारला.

“अगं!” मामा ओरडले.

“ऱ्हायलेलं तेल जळाया पायजे,” ती म्हणाली. “जळाल्याबिगर ही खरं बोलनार न्हाई.”

आवाज या खेपेला निम्मा झाला. धूरही निम्मा. पण छर्रा आता एकच.

तिनं तो जिभेवर ठेवून ओला केला, नळीत बसवला. बंदूक तळहातावर ठेवली. मामा तिच्या शेजारी उभे होते आणि मी शपथेवर सांगतो, त्यांनी श्वास घेतलाच नाही. घेतला असता तर हळकुंड हललं असतं. मी बोटाकडं बघत होतो. ते बोट भिंतीपर्यंत गेलं आणि थांबलं. दोरा वाऱ्यानं डावीकडं गेला, उजवीकडं आला, मधोमध स्थिर झाला. बोट थांबलेलंच. मग ते हललं का नाही, मला सांगता येणार नाही.

टक्.

दोरा वरच्या वर राहिला आणि हळकुंड गुरवाच्या पायाशी पडलं.

गर्दीनं मला उचलून घेतलं. चुकीच्या माणसाला उचललंय हे लक्षात येताच त्यांनी मला तसंच टाकून दिलं. पाठ आठ दिवस दुखत होती, पण काय सांगू, गोड दुखत होती.

गेवराईवाल्यानं गॉगल काढला, वाकून मामीच्या पायाला हात लावला. “मावशी, दान्याचं ऐकायला पायजे होतं. जातो मागं.” आणि तो दिवे गुंडाळायला लागला.

“थांब,” मामी म्हणाली. “ते हवेचं मशीन दिवसभर चालतं का रं?”

“चालतं की.”

“मग हिथंच लाव. चिंच माजी, हवा तुजी. आन ही बंदूक धर. तुज्या जावयाला ऱ्हाऊ दे गाठोड्यात.”

मामा एकदम पुढं आले. चेहरा लाल. “आन मी? मशीनच्या हवंत जीव नसतो!”

“तुमच्या बी हवंत लई उरला न्हाई,” ती म्हणाली. म्हणताना तिनं त्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी लावली. “जो हाय तो ऱ्हाऊ द्या मला.”

मामांनी बराच वेळ मशीनकडं बघितलं. मग एक फुगा उचलून स्वतः त्याच्या नळीला लावला. फुगा क्षणात फुगला. मामा हसले, खोकले, पुन्हा हसले. “च्यायला,” म्हणाले, “मी उगीच जन्म घालवला.”

आता दोघंही माजलगावला लेकीकडं असतात. माझ्या दुकानामागं कुणाचंच खोपट नाही. बंदूक बघायला कुणी आलं तर मी दाणा ठेवून दाखवतो, पण माझं बोट अजून शिकतंच आहे. चिंचेखाली गेवराईवाला बसतो, आणि बरा बसतो.

त्या दिवशी दुपारी मात्र मामी हात झटकून उठली आणि मामांना म्हणाली, “चला. जत्रा बघू.” एकोणीस वर्षं ती जत्रेत येत होती, पण तोंड कायम फुग्यांच्या फळीकडं आणि पाठ जत्रेकडं. तिनं जत्रा पाहिलीच नव्हती. दोघं गर्दीत शिरले. तासाभरानं मी दिसतात का म्हणून शोधत फिरलो, सगळीकडं पाहिलं आणि शेवटी वर पाहिलं. मोठा पाळणा भरण्यासाठी थांबला होता आणि अगदी टोकाच्या डब्यात ते दोघं बसले होते. मामांनी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, डोळे गच्च मिटलेले. मामीचा पदर वाऱ्यावर उडत होता. ती लांबवर कुठंतरी बोट दाखवून त्यांच्या कानाशी काहीतरी सांगत होती. मामांनी आधी एक डोळा उघडला. मग दुसरा.